आर्मर ट्रिम आणि नेदराइट: सोलापूरच्या आमच्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर सारखे विचारले जाणारे प्रश्न

माइनक्राफ्ट म्हणजे ठोकळ्यांच्या जगात खोदायचा-बांधायचा गेम. आमच्या सर्व्हरवर सगळी सोलापूरचीच पोरं-पोरी, त्यात जुळे सोलापूरची चार, अशोक चौकातले दोन भाऊ, आणि एक जण पुण्याला गेलाय पण रात्री येतोच. रात्री साडेनऊ झाले की ग्रुपवर तेच तेच प्रश्न सुरू होतात, मी तेच तेच उत्तर टाइप करतो, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी परत विचारतं "दादा टेम्प्लेट कुठं गेलं". म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. आम्ही जावावर (गेमची कॉम्प्युटरवरची आवृत्ती) खेळतो, नवीन व्हर्जन. बेडरॉकवाल्यांनाही (मोबाइल, कन्सोल वगैरेची आवृत्ती) बहुतेक सगळं लागू आहे, फरक असेल तिथं सांगितलंय.

१. ट्रिम म्हणजे नेमकं काय? ट्रिम लावली की आर्मर जास्त मजबूत होतं का?

नाही. अजिबात नाही. एक टक्कासुद्धा नाही. ट्रिम म्हणजे फक्त नक्षी, आर्मरचा (चिलखताचा) काठ समजा.

आमच्या काकांकडे चादरीचा माग होता म्हणून मला हे लगेच कळलं. जकार्डच्या मागाला डिझाइनचं कार्ड लावतात, मोर पाहिजे तर मोराचं, फुलं पाहिजेत तर फुलांचं, आणि रंग कुठला येणार ते सूत ठरवतं. इथंपण तसंच, टेम्प्लेट म्हणजे डिझाइनचं कार्ड आणि मटेरियल म्हणजे सूत. फरक एवढाच की मागावरचं कार्ड वर्षानुवर्षं चालतं आणि इथलं टेम्प्लेट एका वापरात संपतं. सगळी रडारड त्यावरूनच होते, प्रश्न ४ नीट वाचा.

२. स्मिथिंग टेबलमध्ये कुठं काय ठेवायचं?

टेबल बनवायला ४ फळ्या आणि २ लोखंडाच्या विटा. उघडलं की तीन खाने दिसतात, पहिल्यात टेम्प्लेट, दुसऱ्यात आर्मरचा तुकडा, तिसऱ्यात मटेरियल. बाजूला पुतळा दिसतो त्यावर आधी बघून घ्या कसं दिसतंय, बाहेर काढेपर्यंत काहीच खर्च होत नाही. आमच्यातला एक जण न बघता खटाखट क्लिक करतो आणि मग म्हणतो हिरवं नको होतं.

३. यूट्यूबवर त्या दादाने डायमंड आर्मर आणि नेदराइट वीट ठेवली आणि झालं, माझं का होत नाही बे?

जुना व्हिडिओ आहे तो. नेदराइट (डायमंडच्याही वरचा धातू) आलं गेमच्या १.१६ व्हर्जनमध्ये, जून २०२०, तेव्हा टेम्प्लेट लागायचंच नाही. ७ जून २०२३ ला १.२० आलं, त्यात ट्रिम आल्या आणि त्याचबरोबर नेदराइटसाठीपण वेगळं अपग्रेड टेम्प्लेट लागायला लागलं. म्हणजे व्हिडिओची तारीख बघायची, मग दादाचं ऐकायचं. आधीच्या काळात बनवलेलं नेदराइट तसंच राहतं, ते कुणी काढून घेत नाही.

४. एकदाच ट्रिम लावली आणि टेम्प्लेट गायब! हा बग आहे का?

बग नाही भावा, असंच आहे. एक तुकडा, एक टेम्प्लेट. हेल्मेटला वापरलं की संपलं, आणि छातीला, पायाला, बुटाला परत एकेक पाहिजे.

म्हणून आमच्या सर्व्हरवर एकच नियम आहे: हातात एकच टेम्प्लेट असेल तर ते आर्मरला लावायचं नाही, आधी कॉपी काढायची. कॉपी क्राफ्टिंग टेबलवर होते. वरच्या ओळीत मधोमध टेम्प्लेट, बरोबर मध्ये त्या टेम्प्लेटचा ठरलेला ब्लॉक, आणि उरलेल्या सात खान्यांत सात डायमंड. बाहेर दोन टेम्प्लेट येतात, म्हणजे सात डायमंडमागे एक वाढलं.

मी स्वतः पहिलं मिळालेलं स्पायर टेम्प्लेट असंच हौसेनं बुटाला लावून बसलो होतो. बुटाला! जिथं दिसत पण नाही धड. एन्ड सिटीचं (ड्रॅगन मारल्यावर जाता येतं ते शहर) टेम्प्लेट होतं ते, परत मिळायला तीन आठवडे गेले आणि त्यात परीक्षा आली. तेव्हापासून मी कॉपीचा नियम इतका ओरडून सांगतो की ग्रुपवर माझं नावच सात डायमंड पडलंय.

५. कॉपीला कुठल्या टेम्प्लेटला कुठला ब्लॉक लागतो?

ट्रिम एकूण १८ आहेत, पण पाठ करायची गरज नाही, साधारण जिथं मिळतं तिथलाच दगड लागतो असं धरून चाला. कोस्ट, सेंट्री आणि वेक्स या तिघांना साधा कॉबलस्टोन. वाइल्डला शेवाळ आलेला कॉबलस्टोन, ड्यूनला सँडस्टोन. वॉर्ड आणि सायलेन्सला कॉबल्ड डीपस्लेट. टाइडला प्रिझमरिन, स्नाउटला ब्लॅकस्टोन, रिबला नेदररॅक, आयला एन्ड स्टोन, स्पायरला परपर. ट्रेल रुइन्समधली (जमिनीत गाडलेले जुने अवशेष) चार, म्हणजे वेफाइंडर, रेझर, शेपर आणि होस्ट, या सगळ्यांना टेराकोटा. बोल्टला तांब्याचा ब्लॉक. फ्लोला मात्र ब्लॉक नाही, ब्रीझ रॉड लागतो, तिथं सगळे अडकतात.

नेदराइट अपग्रेडला नेदररॅक. म्हणजे जगातलं सगळ्यात भारी आर्मर आणि त्याच्या कॉपीला फुकटातला दगड. पैसा डायमंडमध्येच जातो.

६. कुठलं टेम्प्लेट कुठं मिळतं? यादी द्या ना

सोपी आधी. जहाज बुडालेलं दिसलं की कोस्ट, वाळवंटातल्या पिरॅमिडमध्ये ड्यून, जंगलातल्या मंदिरात वाइल्ड, पिलेजरच्या टॉवरवर सेंट्री. या चारांचं चांगलं म्हणजे पेटीत निघाली तर दोन-दोन निघतात, मग कॉपीचा एक खर्च वाचतो. नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

जावावर आय ट्रिम स्ट्राँगहोल्डच्या लायब्ररीतल्या पेटीत नक्की असते, ड्रॅगनकडे जाताना तिथून जाणारच आहात तर पुस्तकांत डोकं घाला थोडं. वेक्स वुडलँड मॅन्शनमध्ये, ते सापडायलाच जन्म जातो. रिब नेदरमधल्या (गेममधलं लाव्हाने भरलेलं पाताळ) फोर्ट्रेसमध्ये, स्नाउट तिथल्याच बॅस्टियनमध्ये (पिग्लिनचा पडका किल्ला), स्पायर एन्ड सिटीत. वॉर्ड आणि सायलेन्स एन्शंट सिटीत (जमिनीखालचं अंधारं शहर), त्यावर प्रश्न ७.

टाइड पेटीत मिळत नाही, समुद्राखालच्या मॉन्युमेंटमधला एल्डर गार्डियन (मोठा राक्षसी मासा) मारला की २० टक्के वेळा पडते. एका मॉन्युमेंटमध्ये तीनच एल्डर असतात आणि मेलेले परत येत नाहीत, त्यामुळे गणित केलं तर एक अख्खं मॉन्युमेंट साफ करून निम्म्या वेळा हात हलवत परत यायचं. मित्र सोबत घ्या, निदान हसायला कुणीतरी पाहिजे.

ट्रेल रुइन्सच्या चारांसाठी खोदकाम. ब्रश लागतो (पीस, तांब्याची वीट, काडी) आणि संशयित खडी हळूहळू झाडायची. फावडं मारलं की ती खडी आतल्या वस्तूसकट गेली, आणि खालचा ब्लॉक काढल्यामुळे ती खाली पडली तरी गेली. आमच्याकडे एकाने उत्साहात सगळं रुइन्स फावड्याने उपसलं, सकाळी आम्ही बघतो तर नुसता खड्डा, महापालिकेने पाइपलाइनसाठी रस्ता खोदल्यासारखा.

बोल्ट आणि फ्लो या नंतर आल्या, १.२१ मध्ये, जून २०२४. दोन्ही ट्रायल चेंबरच्या व्हॉल्टमध्ये (चावीने उघडणारी तिजोरी), बोल्ट साध्या आणि फ्लो ओमिनस व्हॉल्टमध्ये.

७. सायलेन्स ट्रिम महिनाभर शोधतोय, आमच्या जगात नाहीच का?

आहे, पण एन्शंट सिटीच्या एका पेटीत ती निघायची शक्यता १.२ टक्के. सरासरी काढली तर ८३ पेट्यांमागे एक. वॉर्ड ट्रिम त्याच पेट्यांत ५ टक्के आहे, म्हणून लोकांना वॉर्ड मिळते आणि सायलेन्स नाही.

वॉर्डनला (आवाजावर धावून येणारा तिथला राक्षस) हरवायला जाऊ नका, त्याच्याशी भांडून ट्रिम मिळत नाही. लोकर टाकत जायचं, वाकून चालायचं, पेटी उघडायची, निघायचं. आमच्यातल्या एकीला दुसऱ्याच सिटीत मिळाली, गड्डा यात्रेच्या सुट्टीत, आणि तिने काय केलं माहितीये का, आधी सात डायमंड घालून कॉपी काढली, मग त्या कॉपीच्या कॉपी काढून सगळ्यांना वाटल्या, ज्याने त्याने आपापले डायमंड आणायचे. म्हणजे सर्व्हरवर एकाला मिळाली की सगळ्यांना मिळाली. एकट्याने शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

८. मटेरियल कुठलं घेऊ? नेदराइटची ट्रिम सगळ्यात भारी दिसते ना?

हा माझ्या आवडीचा प्रश्न, त्यामुळे थोडं जास्त लिहितोय.

मटेरियल अकरा आहेत: लोखंड, तांबं, सोनं, डायमंड, नेदराइट, एमराल्ड, लॅपिस, रेडस्टोन, अ‍ॅमेथिस्ट, क्वार्ट्झ, आणि डिसेंबर २०२४ च्या १.२१.४ पासून रेझिनची वीट. एका तुकड्याला एक नग लागतो, ब्लॉक नाही, एक नग.

आता महाग म्हणजे चांगलं दिसतं असं नाही. नेदराइट आर्मरवर नेदराइटची ट्रिम म्हणजे काळ्यावर काळं. गेम ती थोडी वेगळ्या गडद शेडमध्ये दाखवतो खरी, पण चार पावलं लांबून काहीच कळत नाही, आणि त्यासाठी तुम्ही चार एन्शंट डेब्री (नेदराइट ज्यापासून बनतं ते खनिज) जाळलेल्या असतात. आपल्याकडे चादरीत काळ्या जमिनीवर पांढरं किंवा लाल का उठतं, तेच इथं. नेदराइटवर सोनं, क्वार्ट्झ, एमराल्ड झकास. रेझिन केशरी येतं, तेपण काळ्यावर लई भारी दिसतं, पण त्यासाठी पेल गार्डनच्या जंगलात क्रीकिंगला (तिथला लाकडी राक्षस) फटके मारून रेझिनचे क्लंप गोळा करून भट्टीत घालायचे. डायमंड आर्मरवर रेडस्टोन टाळा, डोळ्यांना त्रास होतो (काही जणांना आवडतं, त्यांच्याशी मी बोलत नाही).

लॅपिस आणि तांबं ही दोन मटेरियल लोक कमी लेखतात. पोत्याने मिळतात आणि लोखंडी आर्मरवर लॅपिसची कोस्ट ट्रिम लावून बघा एकदा. माझ्या मते दुर्मिळ गोष्ट टेम्प्लेट आहे, खर्च तिथं करा, रंग स्वस्तातला घेतला तरी चालतो.

९. नेदराइटचा पूर्ण सेट ट्रिमसकट किती डायमंडला पडतो?

हिशोब करू. डायमंड आर्मर: हेल्मेट ५, छाती ८, पाय ७, बूट ४, एकूण २४. नेदराइट अपग्रेड टेम्प्लेट एक सापडलं धरू, चार पाहिजेत, म्हणजे तीन कॉपी, २१ डायमंड. ट्रिमचंपण एकच सापडलं तर तसंच २१. झाले ६६. दोन्हींचं एकेक टेम्प्लेट पुढच्यासाठी शिल्लक ठेवायचं (ठेवाच) तर अजून १४, म्हणजे ८०.

वरून नेदराइटच्या चार विटा. एका विटेला ४ स्क्रॅप (एक डेब्री भट्टीत घातली की एक स्क्रॅप) आणि ४ सोन्याच्या विटा, म्हणजे १६ एन्शंट डेब्री आणि १६ सोनं.

२४ वाचवायचे असतील तर आर्मरर गावकऱ्याला मोठा करा, तो वरच्या लेव्हलला डायमंड आर्मर एमराल्डवर विकतो, तेपण एन्चांट केलेलं (जादूची शक्ती घातलेलं). आणि एमराल्डसाठी फ्लेचरला काड्या विका, ३२ काड्यांना एक. झाडं तोडून डायमंड आर्मर, अजून काय पाहिजे.

१०. अपग्रेड टेम्प्लेट आणि डेब्री कुठं शोधायची?

टेम्प्लेट बॅस्टियनमध्ये. ट्रेझर रूमवाल्या बॅस्टियनमध्ये नक्की मिळतं, बाकी बॅस्टियनच्या पेट्यांत १० टक्के. सोन्याच्या आर्मरचा एक तरी तुकडा अंगावर ठेवा, म्हणजे पिग्लिन (तिथली डुकरासारखी माणसं) अंगावर येत नाहीत, पण पेटी उघडली की ते तरीही चिडतात हे लक्षात ठेवा.

डेब्री नेदरमध्ये उंची १५ च्या आसपास. डायमंडची कुदळ लागते, कमी चालत नाही. ती कधीच उघड्यावर दिसत नाही, नेदररॅकच्या आत दडलेली असते, म्हणून लोक बोगदा करून पलंग फोडतात. नेदरमध्ये पलंगावर झोपायला गेलं की स्फोट होतो, नेदररॅक उडतो, डेब्रीला काही होत नाही. पलंग आणि तुमच्यामध्ये एक ब्लॉक ठेवा. आणि लाइट जायच्या टायमाला हे करू नका, मे महिन्यात दुपारी माझी लाइट गेली, राउटर बंद, मी लाव्हाच्या कडेला उभा, परत आलो तेव्हा मी नव्हतोच.

११. लाव्हात मेलो. काय काय वाचतं?

नेदराइटच्या वस्तू लाव्हात जळत नाहीत, वर तरंगतात, पाच मिनिटांच्या आत उचला. डायमंड आर्मर, डायमंड, टेम्प्लेट सगळं जळतं. टेम्प्लेट घेऊन नेदरमध्ये फिरू नका, एन्डर चेस्टमध्ये टाका.

१२. आधी ट्रिम लावू की आधी नेदराइट करू?

कसंही. ट्रिम लावलेलं डायमंड आर्मर नेदराइट केलं तरी ट्रिम राहते, एन्चांटमेंट राहतात, नावसुद्धा राहतं. फक्त रंग परत बघून घ्या, डायमंडच्या निळ्यावर छान वाटलेला अ‍ॅमेथिस्ट काळ्यावर वेगळा वाटतो.

१३. आवडली नाही तर ट्रिम काढता येते का?

काढता येत नाही, पण वर दुसरी लावता येते, जुनी जाते. त्याला परत नवीन टेम्प्लेट आणि मटेरियल लागतं, जुनं काही परत मिळत नाही. ग्राइंडस्टोनवर घातलं तर एन्चांटमेंट जातील, ट्रिम तशीच. लेदरचा रंग पाण्याच्या कढईत धुतला तरी ट्रिम तशीच.

१४. दोन तुटकी आर्मर जोडली आणि ट्रिम गेली, आता?

क्राफ्टिंगच्या खान्यात जोडली असणार. तिथं नवाच तुकडा तयार होतो, ट्रिम आणि एन्चांटमेंट दोन्ही जातात. ऐरणीवर जोडायची, डाव्या खान्यात जी ठेवाल तिची ट्रिम राहते. गेलेली परत येत नाही, सॉरी.

१५. सोन्याची ट्रिम लावली तरी पिग्लिन मारतात, का?

कारण जावावर त्यांना आर्मर सोन्याचं पाहिजे, काठ नाही. जरीकाठाला सोनं समजायला ते काय आपल्या आत्या नाहीत.

१६. एन्चांटमेंटच्या चमकीमुळे ट्रिम दिसतच नाही. काही उपाय?

जावावर सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जा, तिथं चमक किती तीव्र आणि किती वेगात दिसावी याचे दोन स्लायडर आहेत, खाली आणा. पण ते फक्त तुमच्या स्क्रीनवर, समोरच्याला त्याच्या सेटिंगप्रमाणेच दिसणार.

१७. एलिट्रा (उडायचे पंख), ढाल, तलवार, घोड्याचं आर्मर यांना ट्रिम लागते का?

नाही. डोकं, छाती, पाय, बूट एवढंच. हां, कासवाच्या हेल्मेटला आणि साखळीच्या आर्मरला लागते, लेदरलापण लागते. लेदर आधी हव्या त्या रंगात रंगवा, वर ट्रिम, दोन्ही वेगवेगळे राहतात. मला विचाराल तर सगळ्यात जास्त हौस लेदरमध्येच भागते आणि खर्च काहीच नाही. चारही तुकड्यांना वेगवेगळ्या ट्रिम चालतात.

१८. व्हॉल्ट दुसऱ्याने आधीच उघडला, आता मला बोल्ट किंवा फ्लो मिळणार नाही का?

मिळेल. व्हॉल्ट प्रत्येक खेळाडूला एकदा देतो, दुसऱ्याने उघडला म्हणून तुमचा हक्क जात नाही, तुमची चावी तुम्ही आणा. पेट्यांचं तसं नाही, तिथं जो आधी गेला त्याचं झालं. यावरून आमच्याकडे दोन सख्ख्या भावांत बोलणं बंद झालं होतं, शेवटी पार्क चौपाटीवर भेळ खाऊन मिटलं.

१९. स्मिथिंग विथ स्टाइल अ‍ॅडव्हान्समेंट (गेममधलं एक ठरलेलं लक्ष्य) पूर्ण होत नाही, मी दहा ट्रिम लावल्या तरी.

कुठल्याही चालत नाहीत. आठ ठरलेल्या आहेत: स्पायर, स्नाउट, रिब, वॉर्ड, सायलेन्स, वेक्स, टाइड, वेफाइंडर. प्रत्येकी एकदा लावली की झालं, एकाच लेदरच्या टोपीवर एकामागून एक लावल्या तरी चालतं, चांगलं आर्मर वाया घालवू नका.

२०. नमस्कार, माझा मुलगा म्हणतो ट्रिमसाठी पैसे भरावे लागतात. खरं आहे का?

नाही काकू. ट्रिम गेममध्येच शोधून मिळते, पैशाने विकत मिळत नाही. बेडरॉकवर मार्केटप्लेस असतं, तिथं माइनकॉइन्सने स्किन वगैरे घेतात, तो त्याचेच पैसे मागत असणार. आणि स्किन घेतली तरी वरून आर्मर घातलं की ती झाकली जाते, हे त्याला सांगून बघा. मग तो स्वतःच डायमंड खोदायला जाईल, जेवायला मात्र दोनदा हाक मारावी लागेल.